खांदा

पाषाणच्या तळघरात, दोन पितळी चकत्यांच्या मधे
एक थेंब ग्लिसरीन.
तेच, जे आई थंडीत गुलाबपाण्यात कालवून
टाचांच्या भेगांना लावायची.
इथे ते उणे त्र्याऐंशीला आहे.
वाहणं सुटलं, आणि गोठणंही जमलं नाही;
स्फटिक व्हायचं तर रांगेत उभं राहावं लागतं,
तेवढी सवड आम्हीच दिली नाही त्याला.
म्हणून काच.

मी विजेनं विचारते : वळतोस का?
सेकंदाला लाख वेळा विचारलं तर ढिम्म.
हजार वेळा, तरी ढिम्म.
मग विचारणं संथ करत न्यायचं,
सेकंदातून एकदा,
मिनिटातून एकदा,
पंधरा मिनिटांतून एकदा
आणि तेव्हा कुठे झोपेत कूस बदलावी तसा
एखादा रेणू वळतो.
सगळे एकदम नाहीत. ज्याचे शेजारी सैल तो आधी,
ज्याचे शेजारी आवळून बसलेले, तो पहाटे.
समीकरणात त्यासाठी एक घातांक असतो, एकाहून लहान.
गिजरे सर त्याला भिडेचा आकडा म्हणत.
(भिडे कुणी नव्हते. भीड होती.)

सरांच्या अठ्ठ्याऐंशी सालच्या वहीत हाच थेंब आहे,
आलेख-कागदावर हाताने टिंबं मांडलेली.
डोंगर छान बसलाय सूत्रात,
फक्त उजव्या उतरणीवर, जिथे घाईचे प्रश्न असतात,
टिंबं रेघेच्या किंचित वर तरंगत राहतात.
बाजूला पेन्सिलीने : केबल सदोष. बदलणे.
पुढच्या पानावर : बदलली. तेच.
त्याच्या पुढच्या पानावर नुसतं : केबल!

सर मार्चमधे गेले.
गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे वीज जाते,
बॅटरी चाळीस मिनिटं पुरते,
आणि एका संथ प्रश्नाचा पाचवा तास चालू होता.
तळघरात फोनला रेंज नसते.
मी वैकुंठात पोचले तेव्हा लोक नळावर पाय धूत होते,
सरांची धाकटी बहीण म्हणाली, चहा घेऊन जा.
प्रश्न आणि उत्तर यांच्यात जो उशीर पडतो
त्यालाच आमच्या विषयात हानी म्हणतात.
ती मोजता येते. तिचं शिखर दिसतं आलेखावर.

ऑक्टोबरात मी तापमान आणखी दहा अंशांनी उतरवलं
आणि काहीच केलं नाही.
पाच आठवडे.
समितीला लिहून दिलं : नमुना मुरतो आहे.
समितीने विचारलं, लोणचं आहे का?
रफीक बागवान रोज सकाळ-संध्याकाळ
नायट्रोजनचं पिंप ढकलत यायचा,
ओतताना पांढरी वाफ त्याच्या चपलांवरून वाहायची.
लक्ष्मीपूजनालाही आला, खिशात बायकोने दिलेला
शेवेचा पुडा घेऊन. म्हणाला,
मॅडम, काचेला काय कळतंय सण कुठला ते.
म्हणाला आणि काटा दोनदा तपासला.

रोज रात्री आलेख काढत होते. सोळाव्या दिवसापर्यंत
मला वाटलं तसंच काही नाही. विसाव्या दिवशी वाटलं,
डोळे थकलेत. मोठा डोंगर हळूहळू
डावीकडे सरकत गेला, दिसेनासा झाला,
आणि ज्या उतरणीवर सरांची टिंबं तरंगायची
तिथे एक उंचवटा वर आला. लहान, गोल.
मांडणाऱ्या लोकांत त्याला खांदा म्हणतात.
म्हणजे लाख वेळा विचारलं तेव्हाही
आत कुणीतरी मान हलवत होतं.
मीच ढिम्म लिहून मोकळी झाले होते.

सूत्रात आता एक पद वाढवावं लागेल,
त्याचा अर्थ मला अजून नीट सांगता येत नाही.

सकाळी वही उघडली. शोधून तीच पेन्सिल घेतली, एच-बी,
टोक नव्हतं, ब्लेडने काढलं.
त्या उद्गारचिन्हाखाली तारीख घातली, तापमान घातलं,
आणि लिहिलं :
केबल ठीक आहे, सर.